गजभिये काकांचं जॉइंट इन्स्पेक्शन

गजभिये काकांची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा माझे दोन्ही गुडघे फुटलेले होते. मी आठवीत होते. लखनऊला, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर सायकलवरून आपटले आणि भोकाड पसरून घरी निघाले. समोरून काका आले. उंच, सावळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्टीलची फूटपट्टी. "काय झालं वं?" त्यांनी विचारलं. मी रडत म्हटलं, "ब्रेक फेल हो गया." एखाद्या भल्या माणसाने मला उचलून घरी पोहोचवलं असतं. काका म्हणाले, "चाल, कुठं पडली ते दाखव." आणि लंगडणाऱ्या मला घेऊन परत त्या वळणावर गेले. ब्रेक कुठे दाबला, चाक कुठे वळलं, सगळं विचारून झालं. मग खाली वाकून त्यांनी रस्त्यावर बोट फिरवलं. "रेती आहे. ब्रेकले काहून बदनाम करते?" त्यानंतर कुठे त्यांनी नळावर माझे गुडघे धुतले, तेही इतक्या हळुवार हातांनी की मी रडायचं विसरले.

आई मात्र उसळली. "साहेब, पोरीचं रक्त वाहून राहिलं होतं आणि तुम्ही रेती पाहत बसले?" काका शांतपणे म्हणाले, "रक्त घरीबी पुसता येते वहिनी. पुरावा घरी नेता येत नाई." आई पुढे कितीतरी दिवस हे वाक्य त्यांची नक्कल करत सगळ्यांना ऐकवत असे.

काका कॉलनीतल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत अधिकारी होते. नवा डबा तयार झाला की तो रुळांवर पळवून पाहायचा, कुठे हेलकावतो, चाक कसं झिजतं ते मापायचं, हे त्यांचं काम. मूळचे भंडाऱ्याचे. उभी नोकरी लखनऊत काढली, पण बोलण्यातलं 'मले-तुले' जागचं हललं नाही. मध्ये हिंदी यायची ती पाहुण्यासारखी, चहापुरती. आमच्यासारखी इथेच वाढलेली पोरं त्यांच्या मराठीला हिंदीत उत्तरं देत, त्याचंही त्यांना काही नव्हतं. त्यांना राग यायचा तो न पाहता बोलण्याचा. कुणी काहीही तक्रार घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "जागेवर गेला होता का?"

एकदा कॉलनीतल्या बायकांनी दूधवाला पाणी घालतो म्हणून काकांकडे दाद मागितली. काका त्या सगळ्यांना घेऊन थेट त्याच्या गोठ्यावर. दूधवाल्याने त्यांच्यादेखत, जराही न लाजता, बादलीत लोटीभर पाणी ओतलं. वर म्हणाला, "गर्मी में थोड़ा तो डालना पड़ता है साहब." बायकांनी त्याला फैलावर घेतलं आणि दुसरा गवळी लावला. काकांनी मात्र तोच ठेवला. म्हणाले, "याचं पाणी किती ते मले माहीत झालं. नव्याचं कोणाले माहीत?" तर असा हा माणूस. प्रेमळ होता, पण त्याच्यासोबत कुठे जायचं म्हणजे घरून खाऊन निघावं लागे.

काकांच्या दारावर पाटी होती, 'डॉ. गजभिये'. नोकरी करता करता, मालडब्यांच्या चाकांची झीज या विषयावर त्यांनी पीएचडी केली होती. कॉलनीतल्या आमच्या बौद्ध मराठी घरांमध्ये ते एकमेव डॉक्टर. रविवारी वंदनेला सगळे जमले की पप्पा मला कोपराने ढोसून त्यांच्याकडे बोट दाखवत. पप्पा त्याच संस्थेत टेक्निशियन. वर्ध्याहून आलेले, शिकायची हौस अर्धी राहिलेली. मी पीएचडीला प्रवेश घेतला त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या नावाची पितळी पाटी करून आणली. पाटीवर 'प्रज्ञा मेश्राम' उजवीकडे सरकलेलं होतं आणि डावीकडे 'डॉ.'पुरती जागा मोकळी. पाटी करणाऱ्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, गिऱ्हाईक वेडं आहे.

माझा विषय होता झाडांचे डिंक. औषधाच्या गोळीवर डिंकाचं पातळ आवरण दिलं तर ते पाण्यात किती वेळात विरघळतं, हे मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बसून पाहायची. पहिलं वर्ष झपाटल्यासारखं गेलं, दुसरं बरं गेलं, आणि नंतर नंतर मी गोळ्या नुसत्या विरघळवत राहिले. त्याच सुमारास शाळेतली मैत्रीण फरहीन भेटली. तिच्या अब्बूंचा जुन्या लखनऊतल्या 'चौक' नावाच्या भागात, म्हणजे चौकात, चिकनच्या कापडावर छपाई करण्याचा कारखाना आहे. चिकनचं काम असं चालतं: आधी लाकडी ठप्प्यांनी कापडावर निळ्या कच्च्या शाईची नक्षी छापायची, त्या रेषांवर बायकांनी भरतकाम करायचं, आणि शेवटी कापड धुऊन ती निळी रेघ घालवायची. ही शेवटची धुलाई म्हणजे वैताग. शाई हट्टी निघाली की धोबी कापडाला तेजाब-ब्लीच पाजतात. त्यात धुणाऱ्यांच्या हातांची सालं निघतात आणि मलमल विरते. फरहीन सहज म्हणाली, "तेरा गोंद ठंडे पानी में घुल जाता है ना? तो स्याही उसी में बना दे." झालं. त्या दिवसापासून माझं शरीर प्रयोगशाळेत आणि जीव चौकात.

वर्षभर आम्ही लपूनछपून शाई केली. मग नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या एका योजनेत आमची निवड झाली, पण अट अशी की दोघींनीही पूर्ण वेळ याच कामाला द्यायचा. माझी शिष्यवृत्तीही दुसरं काम करू देत नव्हती. मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांना, विचारलं तर त्या म्हणाल्या, "एक साल की बात है, बस थोड़े प्रयोग और लिखना। पागल हो क्या?" महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा होता. एक तर शाई जाणार होती किंवा पाटीवरची ती मोकळी जागा मोकळीच राहणार होती.

घरी सांगितलं तेव्हा पप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "आपल्या घराण्यात पाटी हाती धरायलाबी मनाई होती एके काळी. तू वरच्या पायरीवर उभी राहून म्हणते, मी खाली उतरते. दुकान टाकायले." त्या 'दुकान' शब्दाने मला घायाळ केलं. मी हिंदीत काहीबाही तडातडा बोलले, दार आपटलं. पुढचे दिवस घरात फक्त कुकर बोलत होता. शेवटी आईच म्हणाली, "दोघंबी गजभिये साहेबांकडे जा. ते म्हणतील ते." पप्पा लगेच तयार झाले. त्यांची खात्रीच होती, स्वतः डॉक्टर असलेला माणूस दुसरं काय सांगणार? माझीही तीच खात्री होती, म्हणून मी पाय ओढत निघाले.

काकांनी आम्हा दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं. काकू गेल्यापासून ते एकटेच असत, चहा स्वतः करत, तो त्यांनी केला. मग पप्पांना विचारलं, "मेश्राम, पोरगी जिथं काम करते तिथं गेला होता का कधी?" पप्पा म्हणाले, "लॅबमध्ये? मी काय करू तिथं जाऊन?" "आन् चौकात?" "नाही." काकांनी कप खाली ठेवला. "मंग कायच्या भरवशावर भांडून राहिला? जॉइंट इन्स्पेक्शन करावं लागते."

पप्पांना हसू आलंच. रेल्वेवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगते. गाडी रुळावरून घसरली की रूळवाले, डबेवाले, इंजिनवाले, सगळ्या खात्यांची माणसं एकत्र घटनास्थळी जातात. प्रत्येक जण आपलं खातं सोडून सगळ्यांची चूक आहे हे मनात ठरवूनच आलेला असतो. तरी एकाच टेपने मापं घ्यायची, एकाच कागदावर सगळ्यांनी सह्या करायच्या. ज्याला पटलं नसेल त्यालाही सही चुकत नाही, त्याने सहीखाली 'असहमत' लिहायचं आणि का ते लिहायचं. काका म्हणाले, "दोन्ही जागा पाहू. एकच जागा पाहून रिपोर्ट लिहत नसतात बापू."

शनिवारी आम्ही विद्यापीठात गेलो. मी पांढरा कोट घालून सगळं दाखवलं. काकांनी दहा प्रश्न विचारले, सगळे नेमके, आणि मी पाठ केल्यासारखी उत्तरं दिली. पप्पा यंत्रांकडे देवळात आल्यासारखे पाहत होते. मॅडम भेटल्या, त्यांनीही चांगलंच सांगितलं, लड़की होशियार है म्हणाल्या. मध्येच गोळ्या विरघळवायचं यंत्र लाल दिवा लावून बंद पडलं. मी झाकण लावलं आणि म्हटलं, "छोड़िए, सोमवार को देखेंगे." पप्पा मला म्हणाले, "किती सुंदर जागा आहे गं ही." मला त्यांची इतकी दया आली की मी मनात म्हटलं, करून टाकावी ही पीएचडी.

रविवारी सकाळी चौक. थंडीचे दिवस, गल्लीत मक्खन मलाई, म्हणजे दुधाचा गोड फेस, विकणारे बसलेले. पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, साहेबांबरोबर इन्स्पेक्शन म्हणून. फरहीनच्या अब्बूंनी आम्हाला बसायला चटई दिली आणि आमच्या शाईने एक ओढणी छापून दाखवली. फरहीनने ती थंड पाण्याच्या टबात बुडवली. निळा रंग धुरासारखा निघाला आणि ओढणी कोरी झाली. माझी छाती फुगली. पप्पा नीट पाहायला पुढे वाकले आणि ताज्या छापलेल्या दुसऱ्या कापडावर त्यांची अख्खी बाही टेकली. मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या कोयऱ्या.

"कुछ नहीं अंकल, अभी निकल जाएगा," फरहीन म्हणाली आणि तिने बाहीवर मगभर पाणी ओतलं. रंग फिका झाला, पण गेला नाही. आणखी एक मग. कोयऱ्या तशाच, फक्त आता त्या आकाशी दिसायला लागल्या. काकांसमोर, पप्पांसमोर, अब्बूंसमोर आमची शाई तोंडावर पडली होती. मी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, शर्ट टेरिकॉटचा होता. आम्ही कधी सुतीशिवाय काही तपासलंच नव्हतं, आणि हल्ली बाजारात मिश्र धाग्याच्या कापडावरही चिकन होतं! "पप्पा, शर्ट उतारिए," मी म्हटलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग साहेबांकडे पाहिलं आणि मुकाट्याने शर्ट काढून दिला.

पुढचं मला तुटक आठवतं. फरहीन आणि मी जमिनीवर बसलो होतो. बाहीचा एक भाग मिठाच्या पाण्यात, एक कोमट पाण्यात, एक लिंबात. डिंक कमी करायचा का रंग बदलायचा यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी मध्येच हसत होते म्हणे. मान वर केली तेव्हा ऊन गल्लीच्या दुसऱ्या भिंतीवर गेलं होतं. पप्पा अब्बूंनी दिलेला चिकनचा कुर्ता घालून बसले होते, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि काका त्यांच्या शेजारी मक्खन मलाई खात माझ्याकडे पाहत होते.

"डाग नाही गेला," मी शरमून म्हटलं.

"ते दिसून राहिलं," काका म्हणाले. मग त्यांनी द्रोण खाली ठेवला. "मेश्राम, मी काय पायलं ते सांगतो. काल तिथं यंत्र बंद पडलं तं हिनं झाकण लावलं. सोमवारवर टाकलं. आज इथं शाई फसली, बापाचा शर्ट गेला, आन् हिले आपण दोघं इथं बसलो आहो हेच आठवत नव्हतं. माल चांगला का वाईट ते मले नाही समजत. हा फरक समजते."

पप्पा म्हणाले, "पण साहेब, आपल्यात डॉक्टर होतात किती? तुम्ही तं केली ना?"

"केली. मले चाकाचं याड होतं म्हणून केली. सकाळी डोळा उघडला का पयले चाक दिसे. लोकांसाठी करायची असती तं दुसऱ्या वर्षीच सुटली असती." त्यांनी द्रोण बाजूला सारला. "आपले लोकं शिकले काहून मेश्राम? दुसऱ्याच्या मर्जीवर जगा लागू नये म्हणून. आता पोरगी आपल्या मर्जीनं चालली तं भेव आपल्यालेच वाटते." मग माझ्याकडे वळून, तितक्याच कोरडेपणाने, "पण ठरवायचं तूच. मी फक्त मापं घेतली."

मी म्हटलं, "मैं छोड़ रही हूँ, काका." बोलले आणि मला हलकं वाटलं. खरं तर हलकं हा शब्द पुरत नाही. कित्येक महिन्यांनी मला भूक लागली.

पप्पा कुर्त्याच्या बाहीवरच्या टाक्यांवरून बोट फिरवत होते. म्हणाले, "मी सही करतो साहेब. पण असहमत."

"हाव," काका म्हणाले. "नियमात बसते."

असहमत राहून सोबत राहता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी धरून चालले होते की पप्पांना पटलं तरच मला जाता येईल, नाहीतर त्यांना तोडून जावं लागेल. काकांनी तिसरी वाट दाखवली, आणि तीही रेल्वेच्या नियमातली, त्यामुळे पप्पांचा मान राहिला. परतताना पप्पांनीच मला मक्खन मलाई घेऊन दिली. तोंडाने मात्र बडबडत होते, "एक वर्ष फक्त राहिलं होतं, एक वर्ष."

मी विद्यापीठाला कळवलं. मॅडम रागावल्या, मग त्यांनीच माझ्यासाठी डिंकाची जुनी बाटली बांधून दिली. एप्रिलमध्ये कॉलनीत जयंतीचा कार्यक्रम असतो, त्यात पास झालेल्यांची नावं काका माइकवरून वाचत. त्या वर्षी मी पाठीमागे लपून बसले होते. काकांनी नावं वाचता वाचता त्याच सुरात सांगितलं, "प्रज्ञा मेश्रामनं पीएचडी सोडली, चौकात शाईचा धंदा सुरू केला. कोणाले काही विचारायचं असन तं तिलेच विचारा, मागच्या रांगेत आहे." आणि पुढचं नाव घेतलं. मला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण नंतर लोक खरोखरच येऊन विचारायला लागले, आणि कुजबुज करायला कुणाकडे काही उरलंच नाही.

पुढे काका भंडाऱ्याला मुलीकडे राहायला गेले. जाण्याआधी एकदा, चौकातल्या त्या रविवारला दीड वर्ष झालं तेव्हा, मी त्यांच्याकडे गेले होते. आमचं काम तेव्हा रांगत होतं. टेरिकॉटसाठी वेगळी शाई झाली होती, पण गिऱ्हाइकं आमचं डोकं खात होती. कुणाला रंग फार लवकर जातो, कुणाला पावसाळी हवेत छाप पसरतो, एकाने तर बाटलीचं झाकण घट्ट आहे म्हणून माल परत पाठवला होता. काका ऐकत होते, हसत होते. निघताना नेहमीसारखं, "ये मंग," एवढंच म्हणाले.

या हिवाळ्यात ते गेले. शांतपणे, झोपेत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आणि पप्पा भंडाऱ्याला गेलो. त्यांची मुलगी, सुनंदाताई, मला आधी कधी भेटलेली नव्हती. माझं नाव ऐकल्याबरोबर तिने माझा हात धरला आणि पप्पांपासून बाजूला नेलं.

"तूच का ती शाईवाली? तुझ्यापायी बाबांनी माझं डोकं खाल्लं बाई. चौकातून आले त्याच दिवशी फोन. म्हणे, पोरीचं नुकसान तं नाही केलं ना मी? एकाच वर्षाची तं गोष्ट होती. मंग रोजचंच झालं ते. जेवले का विचारलं तरी तेच. मी म्हटलं, बाबा, निर्णय तिचा होता. तं म्हणत, मापं माझी होती."

रविवारी वंदनेला, जिन्यात, टाकीजवळ, काका मला त्या काळात रोज दिसायचे. तोच खिसा, तोच चेहरा. एकदाही मला शंका आली नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"मंग एक दिवस फोन आला. म्हणाले, आता नाही विचारत तुले. आज ते पोट्टी येऊन गेली. सारा वेळ गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांगत होती आन् हसत होती. जिचं नुकसान झालं ते अशी हसत नसते." सुनंदाताईने पदराने डोळे पुसले. "त्या दिवशी पोटभर जेवले म्हणाले."

परतीच्या गाडीत पप्पा खिडकीशी झोपले होते आणि मी मनात हिशेब जुळवत होते. त्या रविवारी चौकात माझी सुटका झाली ती काही मिनिटांत. काकांची व्हायला दीड वर्ष लागलं, आणि तेवढे सगळे दिवस मी अगदी निर्धास्त होते.